हजेरीपटावरील रिकाम्या जागा : नागपूरची एम्प्रेस मिल आणि तेथील माणसे

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही पेढीवर लहानपणापासून कानी पडत असे. या सोन्याचा रंग मात्र पिवळा नसून पांढरा होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरच्या बाजारी जात असे. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि साऱ्या जगाचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, बडनेऱ्याहून अमरावतीस फाटा निघाला, १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. कापूस गाठींच्या रूपाने मुंबईस व तेथून इंग्लंडला जाऊ लागला आणि त्याच कापसाचे कापड होऊन परत आपल्याच बाजारात ताग्यांच्या रूपाने येऊ लागले. या जाण्या-येण्यातील सारा नफा वाटेवरच्यांचा होता, हे कोणाही हिशेबी माणसाच्या ध्यानी यावे असे होते. पण ते प्रथम ज्यांच्या ध्यानी आले व ज्यांनी त्यावर कृती केली, ते गृहस्थ वऱ्हाडचे नव्हते. ते नवसारीचे पारशी होते.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव पोलाद, जलविद्युत आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांच्याशी जोडले जाते. त्यांच्या उद्योगजीवनाचा खरा पाया मात्र नागपूरच्या एका दलदलीच्या जागेत घातला गेला. त्या गिरणीत यंत्रे कोणती होती याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. तेथील माणसे कशी निवडली गेली, कशी शिकविली गेली व कशी सांभाळली गेली, हा विषय व्यापारी वाचकांस अधिक जवळचा वाटावा. कारण प्रत्येक दुकानाच्या गादीवर तोच प्रश्न लहान रूपात रोज उभा असतो.

जमशेटजींच्या पूर्वायुष्यातील एक प्रसंग येथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. युद्धकाळातील कापूस-तेजीत त्यांच्या वडिलांच्या पेढीचा संबंध मुंबईचे सुप्रसिद्ध व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांच्याशी आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील कित्येक मोठमोठ्या पेढ्या एका पाठोपाठ बुडाल्या. त्या वेळी पंचविशीतील जमशेटजी लंडनमध्ये होते व त्यांच्या हातातील मालाची किंमत दिवसागणिक घसरत होती. त्यांनी सावकारांपासून काहीही लपविले नाही. सारे हिशेब समोर मांडले. त्या सचोटीवर विश्वासून सावकारांनी त्यांनाच महिना २० पौंड वेतनावर स्वतःच्याच पेढीचा हिशेब मिटविण्याच्या कामावर नेमले. अडचणीत सापडलेल्या माणसावर विश्वास टाकला तर तो काय करू शकतो, याचा धडा त्यांना असा स्वतःच्या अंगावर मिळाला होता.

मुंबईत एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी करण्याचा व ती फायद्यात विकण्याचा अनुभव गाठीशी आल्यावर त्यांनी १८७४ साली ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली. भांडवल १५ लाख रुपयांचे होते. गिरणी म्हटली की ती मुंबईतच, अशी त्या काळची समजूत. जमशेटजींनी ती मोडली. कापूस जेथे पिकतो, कोळसा जेथून जवळ पडतो आणि कापड जेथे खपते, अशा ठिकाणी गिरणी असावी, हा त्यांचा साधा हिशेब होता. वऱ्हाड व वर्धा खोऱ्याचा कापूस दाराशी, वरोऱ्याच्या खाणींचा कोळसा हाकेच्या अंतरावर आणि मध्य प्रांताचा विस्तीर्ण बाजार सभोवती, म्हणून नागपूर. जुम्मा तलावाजवळची पाणथळ जागा स्वस्तात मिळाली व ती भरून घेण्याचे काम सुरू झाले. नागपुरातील एका मारवाडी सावकाराने, हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे असे म्हणून भांडवल देण्याचे नाकारले आणि पुढे गिरणी भरभराटीस आल्यावर त्याच सावकाराने, यांनी माती टाकून सोने काढले, अशी कबुली दिली, अशी आख्यायिका आहे. सावकाराची पहिली शंका अगदीच निराधार होती असे मात्र म्हणता येत नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी, दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीस भारताची सम्राज्ञी घोषित केले गेले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली व तिचे नाव एम्प्रेस मिल ठेवण्यात आले. प्रारंभी १५,५५२ थ्रॉसल चात्या, १४,४०० म्यूल चात्या आणि ४५० माग होते. आरंभीची यंत्रे हलक्या प्रतीची निघाली, आगीचाही प्रसंग ओढवला आणि भागधारकांचे चेहरे उतरले. त्यातच भर म्हणजे, पहिल्याच वर्षी मजुरीच्या दरावरून कामगारांनी काम बंद पाडले. भारतातील गिरणी-संपांच्या ज्या अगदी आरंभीच्या नोंदी सापडतात त्यांत एम्प्रेस मिलच्या १८७७ च्या या संपाची गणना होते. पुढील काळात आदर्श म्हणून गाजलेल्या गिरणीचा आरंभ असा भांडणाने झाला होता, ही गोष्ट तिच्या गौरवग्रंथांत सहसा ठळक अक्षरात छापली जात नाही.

गिरणी चालविण्यासाठी जमशेटजींनी जे दोन गृहस्थ निवडले, त्यांतच त्यांची माणसांची पारख दिसून येते. यंत्रांच्या बाजूस लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी होते. व्यवस्थापनाच्या प्रमुखपदी मात्र त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. बेझनजी हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातील अधिकारी होते. सूत म्हणजे काय, ताणा-बाणा म्हणजे काय, याची त्यांना काडीइतकी माहिती नव्हती. मुंबईच्या गिरणीवाल्यांनी या निवडीस नाके मुरडली असल्यास नवल नाही. पण वेळेवर गाडी सोडणे, हजारो गाठींची नोंद ठेवणे, हमालापासून स्टेशनमास्तरापर्यंत सर्वांस आपापल्या जागी कामास लावणे, हे ज्याला साधते त्याला सूत शिकविता येते. सुताच्या जाणकारास माणसे वागविण्याचे शिकविणे अधिक कठीण, असा विचार या निवडीमागे दिसतो. बेझनजींनी काम शिकून घेतले व एम्प्रेस मिलच्या यशाशी त्यांचे नाव कायमचे निगडित झाले. मालकाने निवड केली, शिकण्यास अवसर दिला आणि मग हात मोकळा सोडला. यातील तिसरी गोष्ट पेढीमालकांस सर्वांत जड जाते, हे अमरावतीच्या कापड बाजारात कोणासही विचारावे.

आता हजेरीपटाची गोष्ट. गिरणीच्या आरंभीच्या काळात कोणत्याही दिवशी कामगारांपैकी शेकडा २० पर्यंत लोक गैरहजर असत. पाचातला एक माणूस नाही, म्हणजे तितके माग व तितक्या चात्या रिकाम्या उभ्या. वाफेचे यंत्र तर पूर्ण ताकदीने कोळसा खात राहणार. वाणिज्य शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्यास या तोट्याचे गणित मांडता येईल. त्या काळचा प्रचलित उपाय म्हणजे दंड. गैरहजर राहिला की मजुरी काप, पुन्हा राहिला की काढून टाक.

परंतु नागपूरचा मजूर मुंबईच्या मजुरासारखा नव्हता. मुंबईचा कामगार कोकणातून वा घाटावरून आलेला, गाव शेकडो मैल दूर, खोलीचे भाडे डोक्यावर, म्हणून कामास बांधलेला. नागपूरच्या कामगाराचे गाव जवळ होते. त्यात पिढीजात विणकाम करणारे कोष्टी होते, महार समाजातील लोक होते, आसपासच्या खेड्यांतले शेतमजूर होते. पेरणीचे दिवस आले, पोळा आला, कापसाची वेचणी लागली, घरात लग्न निघाले, की माणूस गावी जाई. वऱ्हाडातील सालदार अक्षय तृतीयेला वा पाडव्याला वर्षाचा करार करतो आणि वर्ष सरले की पुन्हा मोकळा होतो. ऋतूप्रमाणे चालणारे असे आयुष्य ज्यांनी पिढ्यान्पिढ्या जगले, त्यांना भोंग्याच्या आवाजावर रोज एकाच दारातून आत जाणे ही शिक्षाच वाटली असणार. दंडाने असा माणूस येत नाही. तो उलट कायमचा निघून जातो आणि त्याला शिकविण्यात गेलेले महिने पाण्यात जातात.

जमशेटजींनी व बेझनजींनी उलट दिशेने विचार केला. राहणाऱ्यास राहण्याचे कारण हवे. नियमित येणाऱ्यास बक्षीस ठेवण्यात आले. चांगल्या कामाबद्दल बोनस सुरू झाला. वर्षातून एकदा बक्षीस-समारंभ होऊ लागला. त्यात रोख रकमा, घड्याळे, सोनसाखळ्या, कापड अशा वस्तू कामगारांस सर्वांसमक्ष दिल्या जात. कुटुंबीयांस आमंत्रण असे, खेळांचे सामने होत. ज्या काळी गिरणी-कामगाराचे नाव हजेरीपटाखेरीज कोठेही घेतले जात नसे, त्या काळी बायकामुलांच्या देखत मालकाच्या हातून साखळी घेणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करावी.

१८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ पासून कामावर अपघात झाल्यास नुकसानभरपाई देण्यात येऊ लागली. १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी आला. या सनांकडे जरा थांबून पाहावे. खुद्द इंग्लंडमध्ये मालकाचा दोष सिद्ध न करताही कामगारास भरपाई देणारा कायदा १८९७ साली झाला आणि सरकारी वृद्धवेतन १९०८ साली. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. आज दर महिन्याचा प्रॉव्हिडंट फंडाचा भरणा करताना कपाळाला आठ्या घालणाऱ्या व्यापारी बंधूंनी हे लक्षात घ्यावे, की ही कल्पना दिल्लीच्या कोणा बाबूच्या डोक्यातून निघालेली नाही. रिकाम्या मागांचा तोटा भरून काढू पाहणाऱ्या एका कापड गिरणीवाल्याने ती अर्ध्या शतकाआधी स्वखुशीने अंगीकारली होती.

वऱ्हाडच्या जुन्या पेढ्यांमध्ये नोकराच्या भविष्याची सोय अजिबात नव्हती, असे समजणे अन्यायाचे होईल. राजस्थानातून, कच्छ-काठियावाडातून बारा-चौदा वर्षांचा मुलगा ओळखीने अकोल्यास किंवा अमरावतीस येई. पहाटे दुकान झाडणे, गादीवर चादर घालणे, ताके उचलून देणे येथून त्याचा आरंभ होई. मग गजाने मोजणी, मग गिऱ्हाइकाशी बोलणे, मग उधारीची वसुली, आणि ज्याचे अक्षर व डोके चांगले त्याच्या हाती अखेर चोपडी येई. जेवण शेठजींच्या घरी, आजारपण शेठजींच्या घरी, लग्नाचा खर्चही बहुधा शेठजींचाच. पगार हाती न घेता पेढीच्याच खात्यावर जमा ठेवण्याची रीत होती व त्यावर व्याज धरले जाई. कित्येक मुनिमांनी याच जमेवर पुढे स्वतःची दुकाने थाटली आणि उद्घाटनास जुन्या शेठजींना बोलावून त्यांच्या हातून पहिली बोहनी करविली. शिक्षणाची ही पद्धत कोणत्याही आधुनिक प्रशिक्षण वर्गाच्या तोडीची होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

तरीही तिच्यात एक मोठे वैगुण्य होते. सारे काही शेठजींच्या स्वभावावर आणि पेढीच्या पतीवर अवलंबून होते. शेठजी उदार, तर मुनिमाचे कल्याण. पुढची पिढी तशी नसली, तर जमा रक्कम मागण्यासही तोंड उघडत नसे. आणि १८६५ सारखी मंदी येऊन पेढीच बसली, तर चोपडीतील जमा ही चोपडीतच राही. एम्प्रेस मिलचा निधी ज्या ठिकाणी वेगळा पडतो ते ठिकाण हेच. मायेला तेथे नियमाचे रूप मिळाले. किती वर्षे नोकरी, किती रक्कम, कोणत्या प्रसंगी, हे लिहून ठेवलेले होते. कामगाराला ते कोणाच्या कृपेने मिळत नव्हते, हिशेबाने मिळत होते. जमशेटजींनी सावकारांपुढे एकदा स्वतःचे हिशेब उघडे करून ठेवले होते, त्या मनोवृत्तीशी हे सुसंगतच म्हणावे लागेल.

शिक्षणाची बाजूही गिरणीने सोडली नाही. त्या काळी गिरण्यांतील वरिष्ठ जागा इंग्लंडहून आणलेल्या तंत्रज्ञांकडे असत व खालची भरती मुकादमाच्या हाती. मधल्या फळीत शिकलेला देशी माणूस नसे. एम्प्रेस मिलमध्ये सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन खात्याखात्यांतून फिरविण्याची व व्यवस्थापनासाठी तयार करण्याची योजना चालविण्यात आली. पदवी घेतलेल्या मुलाने तेलकट कपड्यांत यंत्रापाशी उभे राहावे, ही गोष्ट तेव्हाच्या पांढरपेशा घरांना रुचणारी नव्हती.

रिंग चातीचा प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. म्यूल यंत्रावर सूत काढताना यंत्राचा गाडा पुढे येतो, सुताला पीळ बसतो, मग गाडा मागे जाऊन सूत गुंडाळले जाते. म्हणजे काम थांबत थांबत होते व कसबी हात लागतो. अमेरिकेत निघालेल्या रिंग पद्धतीत पीळ देणे व गुंडाळणे एकाच वेळी, अखंड चालते. लँकेशायर त्या वेळी तिच्याकडे संशयाने पाहत होते. जमशेटजींनी १८८३ च्या सुमारास दोन रिंग यंत्रे मागवून नागपूरला ती प्रयोगासाठी ब्रुक्सबी यांच्या हवाली केली. आधी दोन यंत्रांवर चुका करून घ्याव्यात, त्यांवर आपली माणसे तयार व्हावीत, आणि मगच जुनी यंत्रे काढावीत, असा हा क्रम होता. प्रयोग यशस्वी झाला आणि लँकेशायरमधील बहुतेक गिरण्यांच्या आधी नागपूरच्या कामगाराचा हात रिंग चातीवर बसला.

हवेचा प्रश्नही असाच. नागपूर-अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना सांगावयास नको. कोरड्या हवेत सूत पुन्हा पुन्हा तुटते आणि तुटलेला प्रत्येक धागा कोणीतरी वाकून जोडावा लागतो. गिरणीत हवा दमट राखणारी यंत्रे, धूळ काढून टाकणारी साधने व आगीपासून बचावासाठी पाण्याचे फवारे बसविण्यात आले. अशा सोयी करणाऱ्या भारतातील अगदी पहिल्या गिरण्यांत एम्प्रेसचे नाव घेतले जाते. धागा कमी तुटला, उत्पादन वाढले, आणि कामगाराची कंबरही थोडी कमी दुखली. यांतले मालकाच्या फायद्याचे किती व कामगाराच्या सुखाचे किती, याची वाटणी करीत बसण्यात अर्थ नाही.

तथापि या साऱ्या वर्णनाने ते सुवर्णयुग होते असा समज कोणी करून घेऊ नये. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांच्या मुलास कामावर घेण्यास मुभा होती. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर तर १९११ पर्यंत कायद्याची कोणतीही मर्यादा नव्हती; तेव्हा कापडगिरण्यांत ती आली तीही दिवसाला बारा तासांची. एम्प्रेस मिल याच जगात उभी होती. पुढे १९२० व १९३० च्या दशकांत नागपूरच्या गिरणी कामगारांनी रामभाऊ रुईकरांसारख्या पुढाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली संघटना उभारली व संपही केले. ज्या गिरणीत पाळणाघर होते, दवाखाना होता आणि इंदोऱ्याला कामगारांसाठी वसाहत उभी राहत होती, तेथील कामगारांनाही आपले म्हणणे एकत्र येऊन मांडावेसे वाटले. ते स्वाभाविकच होते. बक्षीस-समारंभात साखळी घेणारा हात मजुरीचा दर ठरविणाऱ्या मेजावर नव्हता.

दक्षिण महाराष्ट्रात असेच एक उदाहरण पुढे घडले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या पाठबळावर कुंडलच्या माळरानावर कारखाना व वसाहत वसविली. आसपासच्या खेड्यांतील ज्यांनी कधी हातोडा धरला नव्हता अशांना त्यांनी लोखंडी नांगर ओतण्यास शिकविले. तेथे मालक व कामगार एकाच वसाहतीत राहत, हा किर्लोस्करवाडीचा विशेष. नागपूरसारख्या मोठ्या शहरातील गिरणीला ते शक्य नव्हते.

आणि वऱ्हाडात काय होते? येथे प्रामुख्याने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते. दिवाळीनंतर रुई निघू लागली की अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा येथे भोंगे वाजू लागत. उन्हाळा तोंडावर आला की ते थांबत. रेच्यांपुढे बसून सरकी वेगळी करणाऱ्या बाया धुळीने पांढऱ्या होऊन घरी जात. हंगाम संपला की मालक व मजूर यांचा संबंध संपला. पुढच्या वर्षी तोच मजूर येईल याची खात्री नाही, तर त्याला शिकविण्यावर खर्च कोण करणार? अकोल्यात सावतराम रामप्रसाद मिल व मोहता मिल आणि अचलपुरात विदर्भ मिल उभ्या राहिल्या, तेव्हा कोठे बारमाही कामगार नावाचा वर्ग वऱ्हाडात तयार झाला. त्याआधी दोन पिढ्या येथला कापूस नागपूरला जाऊन तेथील कामगाराला शिकवीत होता, असेच म्हणावयाचे.

जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत निवर्तले. नागपूरच्या एका गिरणीच्या पुढे पाच झाल्या. एम्प्रेसचे लांबरुंद धोतरजोडे व कोरे कापड विदर्भातील दुकानांच्या फडताळांत कित्येक दशके मानाने बसत असे. मग यंत्रमागांची स्पर्धा आली, कृत्रिम धागा आला, जुन्या यंत्रांत भांडवल घालणे परवडेनासे झाले. अकोल्याच्या दोन्ही गिरण्या व अचलपूरची गिरणी १९७४ च्या कायद्याने सरकारजमा होऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून सुटली आणि राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालविण्यास घेतली. २००२ मध्ये तीही कायमची बंद झाली.

त्या जागी आज एम्प्रेस नावाचाच मॉल उभा आहे. अमरावती-अकोल्याहून लग्नाचा बस्ता बांधण्यास नागपूरला जाणारी मंडळी तेथे तयार कपडे पाहण्यास आवर्जून जातात. समोरचा जुम्मा तलाव आता गांधीसागर या नावाने ओळखला जातो.